सर्जाची वैरण

दत्ताभाऊ गेले, हा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात कांदा होता. मी पहिली गोष्ट काय केली, तर चावणं थांबवलं. इतक्या वर्षांची सवय... ज्यांच्यासाठी थांबायचं ते उरलेच नाहीत, हे कळायला एक घास उशीर झाला.

शेंद्र्याच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच स्टोअरमध्ये. दत्ताभाऊ वैजापूरचे, बागायतदार घरातले, मनानं दिलदार. गावाहून येताना माझ्यासाठी कांद्याची पिशवी ठरलेली. पण जेवणाची सुट्टी झाली की स्वतःचा डबा उचलून थेट बाहेर, कडुलिंबाखाली. आमच्या टेबलावर कधी बसले नाहीत. मी सलीम शेख. जे समजायचं ते समजून बसलो. वरवर हसायचो, पण आत सल होताच.

एकदा डोकं फिरलं. बाहेर जाऊन तोंडावर विचारलं, "हमारे साथ खाये तो क्या बिगड़ता जी तुम्हारा?"

बिचारे रडवेले झाले. "तुमचं काय नाय वो सलीमभाई, तुमच्या कांद्याचं हाय! कर्रम वाजलं की डोस्क्यात जाळ होतो. नाय उठलो तर डबा फेकून मारीन."

म्हणजे कांदे आणून द्यायचे यांनीच आणि पळायचंही यांनीच! मी हसलो, हसून ठसका लागला. मग लाज वाटली. केवढं पाप त्यांच्या माथी मारलं होतं मी.

शहरातल्या छावणी भागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी या दुखण्याचं नाव सांगितलं, मिसोफोनिया. ठराविक आवाज कानी पडले की काहींना संताप आवरत नाही. तो तऱ्हेवाईकपणा नव्हे. बाई संमोहनही करायच्या. सोबतीला मी गेलो, मनात हेच की आता लोलक फिरणार आणि दत्ताभाऊ कोंबड्यासारखे आरवणार. तसलं काहीच नाही. डोळे मिटायला लावले, अंग सैल सोडायला सांगितलं आणि हळूच विचारलं, असाच कर्रम आवाज असलेली एखादी आवडती आठवण आहे का? दत्ताभाऊ मिटल्या डोळ्यांनी हसले. "सर्जा... आमचा बैल. कडबा खायचा." बाई म्हणाल्या, मग कांदा वाजला की सर्जाला बघा. पण ही जादू नाही, सराव लागेल, आणि पूर्ण जाईलच असंही नाही.

काही महिन्यांनी दत्ताभाऊ डबा घेऊन माझ्यासमोर बसले. मी बुक्कीनं कांदा फोडला, भीत भीत चावला. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. "खा सर्जा, खा." तेव्हापासून अख्ख्या स्टोअरमध्ये माझं नाव सर्जा. तरी ते समोर असले की मी जबडा जरा आवरायचोच.

मागच्या आठवड्यात दत्ताभाऊंच्या घरी वैनींना भेटायला गेलो. चहा देताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? हे रोज कामावर निघायच्या आधी दिवाणावर डोळे मिटून बसायचे. जप करताय व्हय, म्हटलं तर म्हणायचे, 'नाय, सर्जाला वैरण टाकतोय.' सर्जा तर आमच्या लग्नाआधीच गेला. मग वैरण कुणाला?"

मला वाटत होतं, दुखणं कधीच बरं झालं. आणि हा माणूस रोज सकाळी तयारी करत होता, दुपारी माझ्यासमोर बसता यावं म्हणून... मी कप खाली ठेवला, आणि हसू आलं.

"वैनी, तो सर्जा मीच."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसले आणि आत जाऊन कांद्याची पिशवी घेऊन आल्या.

"मग ही तुमची वैरण, न्या. गावाच्या शेवटच्या खेपेला यांनी तुमच्यासाठीच आणली व्हती."