तहकूब सभेचं मशीन

रविवारी सकाळी दहा वाजून बत्तीस मिनिटांनी आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या आवारात चाळीसेक माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून मोबाइलकडे बघत होती. स्क्रीनवर एक चक्र फिरत होतं आणि पुढे काहीच येत नव्हतं. वार्षिक सभा होती. हजेरी आणि मतदान दोन्ही ॲपवर. ते ॲप आमच्या कंपनीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सोसायटीला ते मीच सुचवलं होतं. एकेक करून माना माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात माझे सहकारी सावंत यांचा फोन आला.

"मॅडम, सभेचं मशीन बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "आपण बंद केलंय."

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

आमचं ऑफिस मरोळला. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, गेटवरच्या नोंदी, वार्षिक सभा असं सगळं आमच्या ॲपवर चालतं. ज्या कॉम्प्युटरवर ते चालतं ते मात्र आमच्याकडे नाहीत. ते भाड्याचे, दुसऱ्याच कुणाच्या जागेत ठेवलेले. यालाच क्लाउड म्हणतात. भाडं रिक्षासारखं, सिग्नलला उभी असली तरी मीटर पडतच असतो. मशीन काम करो वा नुसतं बसून राहो, चालू आहे म्हणजे बिल आहे.

ती मशीन्स सांभाळायला आम्ही दोघं, मी टीम लीड आणि सावंत. सावंत मूळचे देवगडकडचे, राहायला मुलुंडला. वडील गिरणीत होते. डिप्लोमा केला आणि बाकीचं सगळं हाताने करून शिकले. वय एकावन्न. मशीन चालू करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण एकदा चालू केलेलं ते बंद करत नसत. विचारलं की एकच उत्तर, "राहू दे, लागेल." कशाला लागेल ते त्यांच्या डोक्यात, कागदावर कुठेच नाही. मला या सवयीचा मनापासून राग यायचा.

जूनमध्ये आमचे मालक देसाई सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. क्लाउडचं बिल हाताबाहेर चाललं होतं. बाहेरच्या एका कंपनीचा प्लॅटफॉर्म त्यांनी बघून ठेवला होता. हा प्लॅटफॉर्म आपल्या मशीन्सवर नजर ठेवतो, कुठलं रिकामं बसलंय ते दाखवतो आणि आपण नियम घालून दिला की स्वतःच बंद-चालू करतो. वाचलेल्या पैशात त्यांचा हिस्सा. मला कल्पना आवडली. जाता जाता सर म्हणाले, "हे जमलं ना मीनल, की मग दोघं कशाला लागतात ते दिवाळीनंतर बघू." दोघांतला जाणार कोण, हे सांगायची गरज नव्हती. सावंतांची मुलगी तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. काचेची केबिन आणि पंचवीस माणसांचं ऑफिस, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांच्याही कानावर गेलंच.

प्लॅटफॉर्मने पहिल्याच आठवड्यात आमची अब्रू काढली. सोडून गेलेल्या ग्राहकांची मशीन्स अजून चालू होती. एक तर टेस्टिंगसाठी दोन दिवस घेतलं होतं, ते दोन वर्षं चाललं होतं. मी यादी काढायची, सावंतांना दाखवायची आणि बंद करायचं. यादी दाखवताना मला जरा मजा यायची, हे कबूल करते. बंद-चालू करायचा अधिकारही मी माझ्या एकटीकडे घेतला. सावंतांचा लॉगिन नुसता बघण्यापुरता उरला.

ऑगस्टअखेर सभेच्या मशीनची पाळी आली. हे सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत महाग. बहुतेक सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरात, त्याही रविवारी सकाळी. सावंत ते मशीन महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवत. मी नियम घातला की रविवारी पावणेदहाला चालू व्हावं आणि वीस मिनिटं कोणी वापरलं नाही तर आपोआप बंद व्हावं. सावंत माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, सप्टेंबरात त्याला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, माणूस नोकरी वाचवायला बघतोय. "सावंत, 'राहू दे, लागेल'चे दिवस गेले आता," मी म्हटलं. ते मान हलवून जागेवर गेले.

आता परत त्या रविवारच्या फोनकडे. आपण बंद केलं म्हणजे काय, असं मी विचारलं.

"दहाला कोण येतं, मॅडम? सेक्रेटरी दहाला लॉगिन करतो, कोरम नाही म्हणून सभा तहकूब लिहितो. साडेदहाला त्याच जागी परत सभा, तिला कोरम लागत नाही. मधे सगळे चहाला. तुमच्या प्लॅटफॉर्मला वाटलं, सभा आटोपली."

मी कपाळावर हात मारला. वीस वर्षं मी या सोसायटीत राहते. नोटिशीवर दहा लिहिलेलं असतं आणि दरवर्षी मी साडेदहालाच खाली उतरते. त्या दिवशीही तशीच उतरले होते.

मोबाइलवरून मशीन चालू केलं. पण बटण दाबलं की लगेच पंख्यासारखं फिरत नाही ते. सगळ्या सोसायट्यांच्या सभासदांच्या याद्या त्याला आधी वर घ्याव्या लागतात, त्यात बारा-तेरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात ठिकठिकाणी सभा उधळल्या असत्या. सावंत स्वतः त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तेही सभेतच बसले होते. तिथूनच त्यांनी ॲप वापरणाऱ्या सेक्रेटरींच्या ग्रुपवर मेसेज टाकला की हजेरी कागदावर घ्या, मतदान शेवटी ठेवा, मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचायला घ्या आणि सावकाश वाचा. आमच्या सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि जे दरवर्षी 'वाचलं असं समजून' मंजूर होतं, ते अक्षरन् अक्षर वाचलं. पावणेअकराच्या सुमारास ॲप सुरू झालं. इतिवृत्त अजून चालूच होतं.

घाटकोपरच्या एका सोसायटीत मात्र कोणी सावंतांचा मेसेज येईपर्यंत थांबलं नाही. तिथे कमिटीची निवडणूक होती. सभा भांडणात मोडली आणि सोमवारी त्यांचं पत्र देसाई सरांच्या टेबलावर होतं. चूक कोणाची, असं त्यांनी मला विचारलं. प्लॅटफॉर्मचं नाव घेणं सोपं होतं, सावंतांचं त्याहून सोपं. मी म्हटलं, "माझी. सावंतांनी सांगितलं होतं, मी का ते विचारलं नाही."

"त्यानेही नीट सांगायला नको का?" सर म्हणाले. यात चूक काही नव्हतं.

प्लॅटफॉर्म राहिला. बिल जवळजवळ एक तृतीयांश उतरलं होतं, ते कोणी सोडणार नव्हतं. नियम बदलला, सप्टेंबरातल्या रविवारी दुपारी दोनपर्यंत सभेच्या मशीनला हात लावायचा नाही. सावंतांना अधिकार परत दिला आणि एक काम दिलं, प्रत्येक मशीनसमोर ते कशासाठी आहे हे लिहायचं. दोन महिने ते लिहीत होते. त्यातली निम्मी कारणं मला माहीत नव्हती, आणि सात मशीन्सना कारणच सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःहून ती बंद केली.

रिकामं काय बसलंय ते प्लॅटफॉर्म सांगतो. ते का बसलंय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं लागतं, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावं लागतं. मला हे शिकायला एक सभा मोडावी लागली.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी ती यादी घेऊन केबिनमध्ये गेले आणि सावंतांचं काय ठरलं ते विचारलं. सरांनी दोन पानं वाचली, तिसरं उलटलं आणि यादी माझ्याकडे सरकवली.

"राहू दे," ते म्हणाले. "लागेल."