मावसाजींच्या मांडवाचा कोपरा

जगातली प्रत्येक वस्तू मुळात चौरस होती आणि माणसांच्या निष्काळजीपणामुळे तिला बाकीचे आकार आले, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. मुकुटबनला मावसाजींची कपाशीची शेती आहे. तरुणपणी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. नोकरीही मिळाली असती, पण अर्ज लिहायला बसले की कागदाच्या लांबी-रुंदीतच अडकून पडायचे, असं मावशी सांगते. बैलाला पाणी पाजता पाजता ते मधेच थांबतात, बोटानं हवेत एक चौकोन काढतात, मग त्याची एक बाजू किंचित लांबवतात, आणि चेहऱ्यावर असं काही सुख पसरतं की बैलही पाणी प्यायचं सोडून त्यांच्याकडे बघतो. "मावसाजी, काय पाहून राह्यले?" विचारलं, तर हलक्या आवाजात म्हणतात, "काही नाही बाई, जरासं वाढवून पाह्यलं."

आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात. उभ्या आणि आडव्या ओळी सारख्याच अंतरावर ठेवायच्या, म्हणजे तण काढायचा डवरा दोन्ही बाजूंनी फिरतो. मावसाजींची चौफुली तीन फुटांवर तीन फूट. एका वर्षी शेजाऱ्यानं चार फुटांवर दोन फूट लागवड केली आणि वर ऐकवलं, "तीन अन् तीन सहा, चार अन् दोन बी सहाच. फरक काय पडते?" मावसाजी शेताच्या धुऱ्यावर मटकन बसले. "अरे, झाड बेरजेत राह्यते का? झाड गुणाकारात राह्यते! तीन त्रिक नऊ, चार दुणे आठ. एकेका झाडाचा एक एक चौरस फूट खाल्ला तुनं!" तो अख्खा हंगाम त्यांनी त्या झाडांकडे पोरक्या लेकरांकडे बघावं तसं बघत काढला. झाडं जास्त बसल्यामुळे कापूस शेजाऱ्यालाच जास्त झाला, पण ही गोष्ट मावसाजींसमोर काढायची नसते.

पाटवडीचा किस्सा तर आमच्या नात्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. डॉक्टरांनी खाण्यावर बंधनं घातली तेव्हा मावशीनं युक्ती केली. वडीची बाजू निम्मी कापली आणि एका मोठ्या वडीऐवजी दोन छोट्या ताटात ठेवल्या. मावसाजींनी बोटानं माप घेतलं आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "बाजू निम्मी झाली म्हणजे वडी चौथाई झाली. एकीच्या जागी चार येतात. तू मले अर्धपोटी ठेवून राह्यली." मावशी म्हणाली, "मंग ते गणितच खा ना रश्श्यासंगं!" त्यांची एकुलती एक लेक प्रणाली हसत सुटली आणि तिनं गुपचूप आपल्या ताटातल्या दोन वड्या बापाकडे सरकवल्या. त्या घरात त्यांचे चौकोन फक्त तिला कळत.

मावसाजींचा सगळ्यात जास्त जीव मात्र कोपऱ्यावर. चौरस शेताच्या दोन लगतच्या बाजू थोड्या थोड्या पुढे सरकवा, ते सांगत, दोन लांब पट्ट्या वाढतात, आणि त्या पट्ट्या जिथं भेटायला जातात तिथं एक चिमुकला चौकोन रिकामा राहतो. तोही भरावा लागतो. "अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग," हे ते आरतीच्या चालीवर म्हणत, आणि शेवटच्या ब वर्गाशी आवाज अगदी हळवा होई. "पट्ट्या सगळ्याइले दिसतात. कोपऱ्यातलं हे लेकरू कोणाच्याच ध्यानात राह्यत नाही."

गेल्या उन्हाळ्यात प्रणालीचं लग्न ठरलं. मुलगा वणीचा, नोकरी लांब सुरतेला. वराच्या काकांना वणीतला थंडगार हॉल हवा होता. मावसाजी मात्र हटून बसले. पोर ज्या अंगणात चालायला शिकली त्याच अंगणातून तिला निरोप द्यायचा होता. काकांनी शेवटी बजावलं, "ठीक आहे. पण आमचा एक बी पाहुणा उन्हात बसला, तर वऱ्हाड तसंच उचलून वणीच्या हॉलात नेतो." मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. पाहुणे वाढले तसा मावसाजींनी चौरस मांडव दोन बाजूंनी वाढवायचं ठरवलं. जांभळीच्या आणि पळसाच्या डहाळ्या किती बंड्या, म्हणजे किती बैलगाड्या, लागतील याचा हिशेब कोणालाही हात लावू न देता त्यांनी स्वतः केला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव घातला. एक पट्टी झाली, दुसरी झाली, डहाळ्या संपल्या. बंडीवाला रिकामी बंडी घेऊन घरी गेला. आणि मांडवाच्या कोपऱ्यातून चारी बाजू सारख्या असलेला आभाळाचा एक निळा तुकडा खाली बघत होता.

"अवो," मावशी म्हणाली, "जल्मभर दुनियेले कोपरा शिकवला, अन् सोताच विसरले?"

सगळे हसले, पण मावसाजींना हसू येईना. खांबाला धरून उभे राहिले. "हिशेबाले बसलो का पोरगीच दिसे डोळ्यासमोर," ते म्हणाले. "पुढचं काही सुचेच ना." मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वराकडची माणसं उष्टी हळद घेऊन दारात आली. पुढे काकाच होते. त्यांनी वर बघितलं. "हे काहून उघडं ठेवलं?"

प्रणाली उठली, पाट घेतला आणि बरोबर त्या आभाळाखाली जाऊन बसली. "बाबांनी मुद्दाम ठेवलं, काकाजी. हळदीची आंघोळ आभाळाखाली व्हावी म्हणून. मापातच धरलं होतं ते."

काका चकित होऊन मावसाजींकडे बघत राहिले. "एवढा बारीक विचार!" आयुष्यात एकही चुकीचं उत्तर खोडल्याशिवाय न सोडलेले मावसाजी त्या उत्तरावर गप्प राहिले आणि त्यांनी पोरीच्या गालाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी त्या हळदीच्या जागेवर पंगत मांडायचं कोणाच्या मनातही आलं नाही. एकही पाहुणा उन्हात बसला नाही, आणि लग्न अंगणातच झालं.

वऱ्हाड गेल्यावर अंगण फार मोठं वाटायला लागलं. मावसाजी मला म्हणाले, "आता कमी करून पाह्यलं, बाई. दोन बाजूंनी पट्टी कापली का कोपरा दोनदा कापल्या जाते. म्हणून तो एकदा परत द्यावा लागते. गणितच देते. कितीबी नेलं तरी थोडंसं परत येतेच."

मावशी भांडी आवरत होती. तिचा हात थांबला. "कवा येते?" तिनं विचारलं. या वेळी ती चिडवत नव्हती.

मावसाजी उठले, फाटकापर्यंत गेले आणि वणीच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.