साहेबांच्या खणातला पासवर्ड

इनोंगे सिस्टरने उभी नोकरी बालविभागात काढली. लग्न केलं नाही, पगार बहिणींच्या पोरांवर गेला, वाचायची खोड मात्र सुटली नाही. परदेशी वैद्यकीय नियतकालिकं गरीब देशांतल्या रुग्णालयांना इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हे तिला ठाऊक होतं. त्यांच्या रुग्णालयालाही तसा पासवर्ड मिळाला होता. तो अधीक्षक न्याम्बे साहेबांच्या खणात, कुलपात.

"साहेब, वॉर्डात लिहून लावू का?" तिने दोनदा विचारलं होतं.

"म्हणजे गावभर होईल आणि वरून बंद करतील. लागेल तेव्हा माझ्याकडे या."

लागला तो नेमका कुओम्बोका सणाच्या दिवशी. पूर चढला की राजा नावेतून उंचावरच्या वाड्यात जातो. नाव वल्हवायचा मान त्या साली साहेबांना मिळाला होता. लाल टोपी घालून ते पहाटेच गेले. राजाच्या नावेत फोन नेत नाहीत.

दुपारी नामासिकू लेकाला घेऊन आली. उपासमारीने पोराचे पाय सुजलेले, केस पिंगट, जुलाबांनी डोळे खोल गेलेले. हात गार पडत चालले होते. डॉक्टर चिलेशे नवखी. तिने फोनवर शोधलं. एका लेखाचा सारांश तेवढा उघडला: सलाईन वेगाने दिलं तर जुलाबाची मुलं वाचतात. पुढचं सगळं पासवर्डशिवाय बंद.

"कसली मुलं, डॉक्टर? अशी सुजलेली होती त्यांत?"

"ते पुढे असणार, सिस्टर. बाकी शोधावं तर नुसत्या औषधांच्या जाहिराती."

"अशा पोरांना आपण तर हळूच देत आलोय."

"आणि त्यातली किती वाचली?"

इनोंगे साहेबांच्या खोलीकडे वळली. "खण फोडू का?"

"नोकरी घालवाल."

सलाईन वेगाने सोडलं. पोराला धाप लागली. तिकडे सणाचे ढोल वाजत होते, तेवढ्यात पोर गेलं.

सण आटोपून साहेब आले ते तळहाताचे फोड दाखवत. इनोंगेने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी खण उघडला. लेख मिळाला. दुसऱ्याच पानावर होतं: अंगावर सूज असलेली कुपोषित मुलं या अभ्यासात घेतलेली नाहीत.

"निरोप धाडायचा होता, सिस्टर."

"नावेवर, साहेब?"

त्यांनी पासवर्डचा कागद आत ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

नामासिकू मृत्यूचा दाखला न्यायला आली होती. "सिस्टर, नक्की कशाने गेला हो तो?"

"जुलाबाने," इनोंगे म्हणाली. दाखल्यावरही तेच लिहिलं होतं.