नरहरकाका आणि बोरिंगचं पाणी

आमच्या शेजारचे नरहरकाका पिंपळखुटे कोणत्याही डॉक्टरकडे गेले, तरी आधी रक्तदाबाचं यंत्र उलटं करून बघतात. मंडीदीपच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बॉयलरचे प्रेशर गेज तपासले. गेजच्या पाठीवर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी नसली, की काटा काहीही दाखवो, काकांच्या लेखी तो खोटा. निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी माणसांना लावला. भाजीवाला, विमा एजंट, मी, कोणीही त्यातून सुटलं नाही.

गेल्या वर्षी शाहपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीत बोरिंगच्या पाण्याची तपासणी झाली. काकांची सून मंजूषा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर, त्यामुळे काकांचा संशय दुप्पट. तपासणी करणाऱ्या संशोधक संपदाताईंनी मंदिराच्या हॉलमध्ये सभा घेतली, पडद्यावर आलेख दाखवले आणि म्हणाल्या, "सर्व घटक मर्यादेत आहेत."

"कोणाच्या मर्यादेत? कोणी आखली ती?" काका उभे राहिले.

"काका, ते जरा टेक्निकल आहे."

झालं! या बाई काहीतरी लपवताहेत, असं काकांनी तिथेच जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे वीस लिटरचे कॅन यायला लागले. त्यांचं बघून निम्म्या कॉलनीने कॅन लावले. खरं सांगतो, मीही लावला. गॅसकांडापासून आमच्या भोपाळात 'घाबरायचं कारण नाही' असं कोणी म्हटलं, की लोक आधी मुलांना घरात घेतात.

महिन्याभराने संपदाताई काकांच्या घरी आल्या. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. या वेळी पडदा नव्हता, आलेखही नव्हते.

"त्या दिवशी माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "नायट्रेट, फ्लोराइड, शिसं तपासलं. हे पाणी गरोदर बाईने रोज प्यायलं तरी चालेल, इतकं त्यांचं प्रमाण कमी आहे. कीटकनाशकांचा रिपोर्ट यायचाय. त्याबद्दल मला आज काहीच माहीत नाही."

काका चमकले. शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. पण संशय इतक्या सहज कुठला जायला!

"मग आमचा कॅनच बरा."

"कॅनचं पाणी कुठून येतं?" संपदाताईंनी विचारलं.

अख्ख्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने कॅनवाल्याला हा एक प्रश्न विचारलाच नव्हता. मला हसू येत होतं, पण मंजूषाच्या हातातला भरलेला ग्लास दिसला आणि हसू जिरलं.

काकांनी कॅनवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. "सौरभ, पानी कहाँ से भरते हो?"

"अरे अंकल, टेन्शन मत लो. आपकी ही कॉलोनी का बोरिंग है, मंदिर के पीछेवाला. बस ठंडा करके देते हैं."

मंजूषाने ग्लास खाली ठेवला. "बाबा, मतलब महिनाभर मी तेच प्यायले? आता काय पिऊ?"

काकांचा चेहरा पार उतरला. मला त्यांची फार दया आली. खुर्ची ओढून ते संपदाताईंच्या समोर बसले.

"मला कळत नाही. तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "पण जे तपासलं नाही, ते आधी सांगा."