निळ्या कोटातला विलास

देऊळघाटच्या फाट्यावर एसटी थांबली आणि खिडकीतून मला निळ्या कोटातला एक माणूस दिसला. लाल टाय, खिशात पांढरा रुमाल, मागे ढग आणि ढगांत उडणारी कबुतरं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गावातलं कोण मोठं माणूस गेलं म्हणून मी नाव वाचलं, तर नाव विलासचं होतं. विलास गेल्याचा माझ्या बायकोचा फोन मला आदल्या दिवशीच आला होता. त्याच्यासाठीच मी अमरावतीचं प्रशिक्षण अर्धवट सोडून निघालो होतो. तरीही फ्लेक्सवरचा तो माणूस मला ओळखू आला नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. खाली उतरून जवळून पाहिलं तेव्हा कळलं, की डोकं विलासचं आहे, ओळखपत्रावरच्या फोटोतलं, आणि गळ्याखालचा सगळा माणूस फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधला आहे. मान कॉलरच्या निम्म्या जाडीची होती. खाली ‘शोकाकुल’मध्ये माझंही नाव होतं, मला न विचारता घातलेलं.

या घटनेला आता सहा आठवडे झाले, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमत नाहीये, वाचकांनी सांभाळून घ्यावं. ज्या माणसाने चार वर्षं फक्त ‘आपण अंगावर काय घालतो आणि का घालतो’ एवढ्या एकाच विषयावर लिहिलं, त्याला जाताना कोणाचा तरी कोट चढवला गेला. तोही असा, की तोच कोट पुढच्या आठवड्यात चिखलीच्या चौकात दुसऱ्या एका गृहस्थाच्या अंगावर मी पाहिला.

विलास आणि मी देऊळघाटच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील लवकर गेले. माय लोकांच्या शेतात तण निंदायला, कापूस वेचायला जायची. ज्या घरी ती कामाला जायची, त्या घरचे जुने कपडे विलासच्या अंगावर यायचे आणि त्या घरचा मुलगा आमच्याच वर्गात होता. सहावीत असताना एकदा प्रार्थनेच्या रांगेत तो मुलगा मोठ्याने म्हणाला, “हा शर्ट माहा होय. याच्या खिशाले शाईचा डाग हाय, पाहा.” सगळ्यांनी पाहिलं. डाग होता. विलासने खिशावर हात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही. मी शेजारी उभा होतो आणि काहीच बोललो नाही... ही माझी सवय तेव्हापासूनची आहे.

पुढे मी शिक्षक होऊन चिखलीला आलो आणि विलास तिथल्याच एका कृषी केंद्रात काउंटरवर लागला. रोज देऊळघाटहून एसटीने यायचा. आता हातात पगार होता, तर या माणसाने नवे कपडे घ्यावेत की नाही? त्याने काय केलं, तर रशीद मास्टरांच्या दुकानातली पेटी शोधून काढली. रशीद मास्टर हे बाजारातले जुने शिंपी. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. शिवून झालेले पण गिऱ्हाइकाने कधी नेलेच नाहीत असे कपडे तीत पडून असायचे. कोणी गाव सोडून गेलं, कोणाचं लग्न मोडलं, कोणी नुसतंच विसरलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे लांब टोकांच्या कॉलरचे शर्ट, खाली घोळदार पँटी, चार खिशांचे सफारी. मास्टर ते टाकत नव्हते आणि विकतही नव्हते. विलासने एकेक मागून घेतला आणि मास्टरांकडूनच आपल्या मापाचा करून घेतला. पहिल्यांदा तो तपकिरी चौकड्यांचा शर्ट आणि घोळदार पँट घालून काउंटरवर उभा राहिला, तेव्हा अख्खा बाजार बघायला आला होता. लोक त्याला ‘हिरो’ म्हणू लागले. कौतुकाने म्हणत नव्हते.

मी त्याला विचारलं होतं, “काऊन बे, आयुष्यभर दुसऱ्याचे घातले, अजून तेच?”

तो म्हणाला, “तवा देनारा निवडे, अबे सर. आता मी निवडून राह्यलो.”

या कपड्यांवर ब्लॉग लिहायची कल्पना त्याचीच. कॉम्प्युटर आणि इंटरनेट माझ्या घरी, कॅमेराही माझा, म्हणून दर रविवारी स्वारी माझ्या गच्चीवर हजर. ‘जुनं माप’ असं नाव ठेवलं. एका पोस्टमध्ये एकच कपडा. तो कोणाच्या मापाने शिवला होता, मास्टरांना त्या गिऱ्हाइकाचं काय आठवतं, काज हाताने केलंय की मशीनवर, विलासने त्यात काय बदललं आणि काय मुद्दाम ठेवलं. कॉलर झिजली की ती उसवून, उलटी फिरवून पुन्हा कशी बसवतात, यावर त्याने दोन पानं लिहिली होती. ती मी अजूनही अधूनमधून वाचतो. अर्धं लिखाण आपल्या बोलीत असायचं. पुण्याच्या एका वाचकाने ‘विषय छान, भाषा शुद्ध करा’ असं सुचवलं, तेव्हा विलासने पुढची पोस्ट मुद्दाम पूर्ण वऱ्हाडीत लिहिली. परदेशातल्या कुठल्याशा बाईंनी प्रतिक्रियेत ‘व्हिंटेज’ हा शब्द वापरला आणि त्याला तो शब्द फार आवडला. “आपल्याकडं ज्याले उतरन म्हनून लाजतेत, तिकडं त्याचं असं साजरं नाव हाय,” तो म्हणाला आणि दिवसभर तो शब्द घोळवत राहिला.

आता माझ्या पापाबद्दल सांगतो. पहिल्याच फोटोच्या वेळी मी त्याला म्हणालो, “तोंड नको येऊ देऊ. तुहा शेठ पाहीन, माहे हेडमास्तर पाहतीन. गळ्याखालून काढू.” मला भीती नक्की कसली होती, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. लोक हसतील, एवढीच असावी. विलासने वाद घातला नाही. “तोंड तं मायचंच हाय,” म्हणाला, “कपडा तेवढा माहा. कापून टाक तोंड.” मी स्टुलावर दोन जाड शब्दकोश ठेवले, त्यांवर कॅमेरा, आणि भिंतीपाशी खडूने खूण केली. त्या खुणेवर तो उभा राहिला की फोटो बरोबर गळ्यापाशी संपायचा. आमची उंची सारखीच, म्हणून खूण मी स्वतः उभं राहून बेतली होती. चार वर्षांत मी त्याचे दीडशेवर फोटो काढले. एकातही त्याचा चेहरा नाही.

बीटी कपाशी येऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. सुरुवातीची वर्षं कापूस उदंड झाला, मग पऱ्हाटीची झाडं लाल पडू लागली, बोंडं फुटेनात, पण विशिष्ट वाणासाठी जूनमध्ये रांग मात्र लागायचीच. बियाण्याच्या पिशव्यांबरोबर कंपन्या टी-शर्ट आणि टोप्या वाटायच्या. दोन-तीन हंगामांत अशी वेळ आली, की कुठल्याही गावात जा, पारावर बसलेली निम्मी माणसं बियाण्याची जाहिरात अंगावर घालून बसलेली असायची. विलासला याचा विलक्षण राग होता. “म्हातारे लोकं सदऱ्याचं बटन बी स्वतः निवडत व्हते,” तो म्हणायचा, “आता आंग बी कंपनीचं.” शेठने काउंटरवर तो टी-शर्ट घालायची सक्ती केली, तेव्हा हा पठ्ठ्या तो उलटा घालून उभा राहिला, शिवण बाहेर आणि नाव आत. शेठने झापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटाच. शेवटी शेठ कंटाळला.

पण लोकांचा राग त्यालाही खावा लागला. पावसाने ओढ दिली त्या वर्षी एक म्हातारबाबा रिकामी पिशवी घेऊन काउंटरवर आले. मी तिथेच उभा होतो. विलासने त्या दिवशी पोपटी रंगाचा शर्ट घातला होता. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या छातीवरच्या टी-शर्टकडे बोट दाखवलं. “हे पाय. पऱ्हाटी एक बी नाही झाली, बनियन मात्र दोन झाले. आन तू हिरो बनून आम्हाले बियानं इकून राह्यला?”  रविवारी विलासने जे लिहिलं, ते त्याचं सगळ्यात चांगलं लिखाण होतं. रांगेतल्या माणसांच्या नुसत्या पाठींचे फोटो, प्रत्येक पाठीवर तेच नाव, आणि शेवटी त्याने स्वतःला विचारलं होतं, की ज्याच्या रानात काही उगवलं नाही त्याच्यासमोर मी पोपटी शर्ट घालावा का? उत्तर त्याने दिलं नव्हतं. ती पोस्ट टाकू नकोस, असं मी त्याला सांगितलं. शेठची आमच्या शाळेच्या संस्थेत ऊठबस होती. विलासने पोस्ट बाजूला ठेवली. ती अजून माझ्या कॉम्प्युटरवर तशीच आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो आला, तेव्हा तोच तपकिरी चौकड्यांचा शर्ट घालून आला होता. मास्टरांकडून कॉलर नुकतीच उलटून घेतलेली. गच्चीवर न जाता खालीच उभा राहिला आणि म्हणाला, “या बारीले तोंडासकट काढ.”

मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “दिवाळीनंतर पाहू. आज उजेड बी नाही.”

उजेड होता, भरपूर होता. तो थोडा वेळ बसला, चहा प्याला आणि एसटी गाठायची म्हणून गेला. आठच दिवसांनी सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. माणसाने डॉक्टरकडे जावं ना... याने पित्त समजून सोडा प्याला आणि कामावर जायला निघाला. फाट्यापर्यंतच पोहोचला. अडतीस वर्षांच्या माणसाला एवढं कळू नये, याचाही मला राग आहे.

अंत्यविधी मला गाठता आला नाही. परत चिखलीला आल्यावर मी तो फ्लेक्सवाला शोधून काढला. त्याने शांतपणे सांगितलं, “आमच्याकडं सहा कोट हायेत, सर. निळा सगळ्याइले चालते.” साधा शर्ट का नाही ठेवला, असं विचारल्यावर म्हणाला, “साध्या शर्टात श्रद्धांजली कोन करते?” मग मी त्याच्या शेजारी दोन तास बसलो. माझ्याकडचा तपकिरी शर्टातला बिनमानेचा फोटो आणि त्याच्याकडचं ओळखपत्रावरचं डोकं आम्ही जोडलं. मानेची जाडी मी दुरुस्त करून घेतली, गळ्याशी सावली दिली. पडद्यावर विलास दिसला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याला अख्खा पाहत होतो. छापून घेतला, गुंडाळला आणि फाट्यावरचा तो कोट उतरवायचाच, असं ठरवून देऊळघाटला गेलो.

मायने बॅनर खाटेवर पसरून पाहिला. हात फिरवला. म्हणाली, “चांगला हाय. पन हा लावू नको, बापू.”

“काऊन माय? हा खरा विलास हाय. तो कोटवाला कोन हाय?”

“तोच राहू दे,” ती म्हणाली. “लहानपनापासून म्या त्याले लोकाईचं उतरलेलं घातलं. नोकरी लागली, मले वाटलं आता घेईन नवं. त्यानं तेच घातलं आंगावर. मीच लावली ना सवय त्याले? त्या बॅनरवर एकडाव तं माहा पोरगा नवा कोरा दिसला.”

मी तिला सांगू लागलो, की हा शर्ट कोणाच्या अंगावरून उतरलेला नव्हता, शिवून तसाच पडला होता, विलासच्या आधी कोणी घातलाच नव्हता, तो नवाच होता. तिने ऐकून घेतलं. “मंग नवा व्हता तं त्यानं मले सांगतलं काऊन नाही?” एवढंच विचारलं.  सांगितलं असेल तर तिने मानलं नसेल, किंवा त्याने सांगितलंच नसेल. दोन्ही मला चीड आणतं. निघताना तिने तो शर्ट धुऊन घडी केलेला माझ्या हातात दिला. घरात उतरण ठेवत नाही, म्हणाली. बॅनर गुंडाळून मी परत आणला. तो माझ्या कपाटामागे उभा आहे आणि फाट्यावर निळा कोट उन्हात उभा आहे.

गेल्या रविवारी मी तो शर्ट घातला. ब्लॉगवर शेवटचा एक फोटो टाकायचा, शर्टाबरोबर तोंडही येऊ द्यायचं, निदान माझं तरी, असं मनाशी ठरवलं होतं. ती पाठींची पोस्टही त्याखाली टाकणार होतो. स्टूल ठेवलं, शब्दकोश ठेवले, कॅमेऱ्याला दहा सेकंद लावले आणि पळत जाऊन खडूच्या खुणेवर उभा राहिलो. शर्ट बदलून फोटो कॉम्प्युटरवर उघडला तर गळ्यापाशी संपला होता. आणखी एक शब्दकोश खाली ठेवून कॅमेरा उंच करायचा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी स्वतःवर चरफडत बसलो होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि खुर्चीमागे थांबली.

“विलासभाऊजींचा हा कुठला?” ती म्हणाली. “ब्लॉगवर नव्हता ना हा?”

“नाही,” मी म्हणालो. “हा काढायचा राहून गेला होता.”