धुंडीने जोडलेली प्रयागची लाइन

किस्से आमच्या काशीतल्या माकडांसारखे. एकाला चणा टाकलात की दहा गच्चीवर हजर! परवा भाच्याने सहज विचारलं, "मामा, तुम्ही बँकेत कम्प्युटरचं नेमकं काय करायचात?" झालं! तेव्हापासून एकेक आठवतोय, आणि प्रत्येक किस्स्यात माझ्याआधी धुंडीच येऊन बसतोय. तेव्हाही असंच व्हायचं.

धुंडी म्हणजे धुंडिराज. रामघाटावरचा माझा शेजारी, एकाच वर्गातला, पुढे एकाच बँकेत, एकाच टेबलावर. स्वभावाने इतका चांगला की राग करायलाही जागा ठेवायचा नाही. म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा.

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हेड ऑफिसकडून दोन राऊटर आले. राऊटर म्हणजे दोन गावांतले कम्प्युटर टेलिफोनच्या लाइनवरून जोडणारा डबा. एक आमच्याकडे राहायचा, दुसरा प्रयागच्या शाखेत जायचा.

आमचे मॅनेजर त्रिपाठीजी म्हणाले, "पूजा के बिना डिब्बा नहीं खुलेगा!"

मी लगेच बाह्या सरसावल्या. माझे वडील वेदपाठशाळेचे गुरुजी, तेव्हा हा मान माझाच. घरून सोवळंसुद्धा आणलं होतं!

"धुंडीजी, आप बैठिए," त्रिपाठीजी म्हणाले. "नेनेजी, आप घंटी बजा दीजिए."

धुंडीने गणपती अथर्वशीर्षापासून सुरुवात केली. मी वीस मिनिटं घंटी वाजवली.

*

प्रयागला पाठवायच्या आधी दोन्ही राऊटर टेबलावर शेजारी ठेवून, मधे एक केबल लावून तपासायचे होते. ते काम मी मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे धुंडी चहाला गेला होता तेव्हा खुर्ची पकडली.

दोन दिवस डोकं फोडलं. प्रत्येक डब्याला आकड्यांचा पत्ता दिला, "नो शटडाउन" दिलं, म्हणजे बंद असलेलं पोर्ट उघडलं, वेग ठरवणारं क्लॉकही दिलं. काही केल्या दोन्ही डबे एकमेकांशी बोलेनात. तिसऱ्या दिवशी धुंडी आला, वाकून केबलच्या टोकावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "माधवा, क्लॉक तू उलट्या बाजूला दिलायस. संथा कशी देतात? आधी गुरुजी म्हणणार, मग शिष्य त्यांच्या चालीने म्हणणार. इथे गुरुजी हा डबा, आणि तू चाल शिष्याला ठरवायला सांगतोयस!"

क्लॉक गुरुजींच्या डब्यावर दिलं. पटकन दोन्ही बाजू अप!

त्रिपाठीजी इतके खुश की येईल त्याला ते गुरु-शिष्याचं सांगत सुटले. अहो, संथा माझ्या घरात चालते! पहाटे पाचपासून ऐकत मोठा झालो. पण ती सुचायला धुंडीचं डोकं लागलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

डबा प्रयागला गेला, तिथल्या पांडेजींनी लावला. आता "शो इंटरफेस" टाइप केलं की पोर्टाची प्रकृती दिसायची. त्यात दोन गोष्टी बघायच्या. लाइन अप आहे का, म्हणजे तार जिवंत आहे का. आणि प्रोटोकॉल अप आहे का, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांचं ऐकताहेत का. आमचं आठवडाभर एकच रडगाणं. लाइन अप, प्रोटोकॉल डाउन.

मी त्रिपाठीजींना इमानदारीत तसं सांगितलं. ते उडालेच! "अरे वाह! दो में से एक तो अप है ना!"

लगेच हेड ऑफिसला फोन. "सर, पचास परसेंट काम हो गया!"

हेड ऑफिसकडून शाबासकीचं पत्र आलं. कोणाच्या नावाने? धुंडीच्या! तो त्या आठवड्यात रजेवर होता हो!

रजेवरून आल्यावर त्याने पांडेजींना फोन करून एक सेटिंग बदलायला लावलं आणि उरलेले पचास परसेंटही पूर्ण केले. पत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं, ते नेमकं माझ्या खुर्चीसमोर.

*

घरी तरी सुख? आई संकठादेवीच्या दर्शनाहून आली ती कौतुक घेऊनच.

"काय रे, धुंडीने म्हणे प्रयागची तार जोडली?"

"आम्ही दोघांनी जोडली."

"हो का? त्याची आई तर म्हणत होती, 'तुमच्या माधवची फार मदत झाली.'"

मदत! मी ताटावरून उठणारच होतो, पण पुरणपोळी होती.

वर आईने डबा भरून दिला. "धुंडीला दे. बिचाऱ्याला जरा जास्त घाल, डोक्याचं काम करतो."

*

आता शेवटचा. हा मी भाच्याला सांगितला नाही.

पुण्याला तीन महिन्यांचं ट्रेनिंग निघालं. आमच्या शाखेतून एकच माणूस जाणार, आणि परत येईल तो नेटवर्कचा इनचार्ज. मला ते हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं. त्रिपाठीजी उघड म्हणत, "धुंडीजी को भेजेंगे." धुंडी हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. त्याच्या वडिलांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. आणि दुपारी धुंडी पानावर बसल्याशिवाय ते घास घेत नसत. पण पुणं कोण सोडतो? मी तर नसतं सोडलं.

हेड ऑफिसचे साहेब लाइन बघून नाव ठरवायला येणार होते. त्यातच सगळे पत्ते बदलल्याचं पत्र आलं. साहेब येणार त्याच दिवशी सकाळी धुंडीने राऊटरमधलं जुनं सगळं पुसलं आणि नवं टाइप केलं. प्रयाग बोलायला लागलं. बारा वाजता त्याने सायकलची किल्ली उचलली.

"माधवा, बाबा थांबलेत. सेव्ह करायचं राहिलंय, तेवढं कर हं."

सेव्ह केलं नाही तर बिजली जाताच डबा सगळं विसरतो. आमच्याकडे रोज एकला बिजली जायची, हे गल्लीतल्या सांडालाही ठाऊक होतं. यूपीएस महिनाभर आजारी होता.

दोन शब्द टाइप करायचे होते. मी तासभर त्या कीबोर्डसमोर बसून राहिलो. केले नाहीत.

एकला बिजली गेली. दीडला आली. पावणेदोनला साहेब आले. राऊटर कोरा.

"ये क्या है?" साहेब म्हणाले. त्रिपाठीजींचा चेहरा पडला. तेवढ्यात धुंडी आला. स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"सेव्ह केलं होतंस ना?"

"हो," मी म्हणालो.

तो सरळ खुर्चीवर बसला आणि कागद न बघता पहिल्यापासून सगळं पुन्हा टाइप केलं. पत्ते, पोर्ट, सगळं, एक अक्षर न चुकता. साहेब मागे उभे राहून बघत होते. गेलं पुणं! मीच माझ्या हाताने त्याला साहेबांसमोर बसवलं होतं.

धुंडीने सेव्ह केलं, मग "शो इंटरफेस" दिलं. लाइन अप, प्रोटोकॉल अप. त्याखाली आपल्या मनाची एक ओळ लिहायची सोय असते. कोणती लाइन, कोणी लावली, असं काहीतरी. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"प्रयाग लाइन, कॉन्फिगर्ड बाय एम. नेने. ये नेने कौन हैं?"

धुंडीने माझ्याकडे बोट केलं. "ये, सर. मैं तो सिर्फ टाइप करता हूँ."

सकाळी, पहिल्या वेळी त्या ओळीत त्याने काय लिहिलं होतं, ते मला आजवर माहीत नाही. मी बघितलं नव्हतं, आणि ते बिजलीबरोबर गेलं.

पुण्याच्या गाडीवर धुंडी मला सोडायला आला. त्याच्या आईने दशम्या दिल्या होत्या. गाडी हलली तसा खिडकीचा गज धरून तो चार पावलं बरोबर चालला.

"माधवा," तो म्हणाला, "तिथे गेल्यावर सेव्ह करायला विसरू नकोस हं."