सिस्टरच्या विरुद्ध दिलेला अर्ज

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावाबाहेर नव्या कचेऱ्या उठत होत्या आणि पाणी नाही म्हणून अर्ध्यावर थांबत होत्या. पावसानं लागोपाठ दुसऱ्या साली दगा दिला होता. त्या उन्हाळ्यात माझी आई लातूरजवळच्या एका वृद्धाश्रमात होती आणि मी नांदेडला शाळेत शिकवत होते.

आईला तिथं मीच ठेवलं होतं. मी एकुलती एक. वडील गेल्यावर ती काही महिने माझ्याकडं राहिली, पण सासूबाईंचं आणि तिचं जमेना, आणि मी माझ्या घरातली शांतता निवडली. लोकांना मात्र सांगायची, आईला तिच्या भागातली माणसं लागतात. दर महिन्याला येईन असा तिला शब्द दिला होता. मे महिन्यात गेले तेव्हा मध्ये अडीच महिने उलटले होते. परीक्षा, पेपर तपासणी ही कारणं खरी होती. सुट्टी लागल्यावरही मी दहा दिवस घरातच होते, हेही खरं.

अर्धापूरच्या केळ्यांची पिशवी घेऊन आत गेले तर आई ओसरीवर बसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी जवळ बसून तो सहज मागं सारला. डोक्यावर केस नव्हते. बोटाच्या पेराएवढे खुंट तेवढे राहिले होते. माझ्या आईचे केस पासष्टीतही कमरेपर्यंत होते.

कुणी कापले, असं विचारलं तर आई खाली बघत राहिली. शेजारची म्हातारी म्हणाली, सिस्टरनं.

तिथं एकच नर्स होती. इस्लापूरकडची, तिशीतली, कमी बोलणारी. ती औषधं घेऊन आली तशी मी उठले आणि सगळ्या बायकांसमोर तिला बोलले. कुणाला विचारून कापलेत, माणूस आहे की मेंढरू, असं बरंच काही.

"धुवायचा कंटाळा आला म्हणून कापून टाकले ना?"

तिनं एकदा आईकडं पाहिलं. मग म्हणाली, "कळवायला पायजे होतं ताई. चुकलं माझं."

मला तोही उद्धटपणा वाटला. मी तडक व्यवस्थापकांकडं गेले. ते निवृत्त हेडमास्तर होते, शिक्षिकेच्या शब्दाला मान देणारे. मी पानभर अर्ज लिहिला. 'हलगर्जीपणा', 'वृद्ध स्त्रीची विटंबना' असे शब्द वळणदार अक्षरात घातले. त्यांनी तिथल्या तिथं तिला बोलावून अर्ज वाचून दाखवला आणि आजपासून स्वयंपाकघरात काम करा म्हणून सांगितलं. ती मान हलवून गेली. मला बरं वाटलं. लेकीचं कर्तव्य केल्यासारखं.

दुपारी आईच्या डोक्याला तेल लावायला बसले, तेव्हा कानामागं बोटं थबकली. तिथली कातडी गुलाबी, नवी होती. खपल्या नुकत्याच पडल्या होत्या. मी विचारलं, तेव्हा कुठं आई बोलायला लागली.

टँकर चौथ्या दिवशी यायचा. माणशी दोन दिवसांना एक बादली. चैत्रापासून डोक्यावरून पाणी घेणंच बंद झालं होतं. उवा झाल्या, खाजवून खाजवून जखमा झाल्या, त्या चिघळल्या. सिस्टर लातूरहून औषध घेऊन आली, रोज फणी करू लागली, पण एवढ्या केसांखाली औषध पोचेना.

"म्याच म्हणले, काप. दोन दिस ती तयारच न्हवती. लेकीला इचारू म्हणायची. म्या म्हणले, तिला सांगायचं न्हाई. आईच्या डोक्यात उवा झाल्या हे लेकीला कशाला कळायला पायजे?"

केस कापल्यावर आठ दिवस सिस्टरनं स्वतःच्या बादलीतलं पाणी कडुलिंबाचा पाला टाकून तापवलं आणि जखमा धुतल्या. आई गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नसे. त्या पूजेचं वाटीभर पाणीही सिस्टरच रोज सकाळी तिच्या उशाशी आणून ठेवी.

"मग मघाशी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तू थांबलीस कुठं," आई म्हणाली.

मी पुन्हा व्यवस्थापकांकडं गेले आणि अर्ज परत मागितला. तो नोंदला गेला होता. तक्रार मागं घेते असं वेगळ्या कागदावर लिहून द्या, म्हणाले. मी दोन ओळी लिहिल्या. तक्रारीला पान लागलं होतं.

सिस्टर स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. काय बोलायचं ते मी मनात जुळवून गेले होते. मला दारात बघून ती उठली, हात पुसले आणि पाणी देऊ का म्हणून विचारलं. त्या पाणी नसलेल्या दिवसांत. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या वेळी असं काही झालं तर पत्र टाकत जा."

"हाव ताई," ती म्हणाली.

मी चारची एसटी धरली.

तिसऱ्या दिवशी तिला परत बायकांकडं घ्यावं लागलं, हे मला पुढच्या खेपेला कळलं. दुसऱ्या कुणाच्या हातून अंग पुसून घ्यायला म्हाताऱ्या तयार होईनात. त्यानंतर मी दर पंधरवड्याला जात राहिले. सिस्टरसाठी कधी चिवडा, कधी साडी न्यायची. चिवडा ती सगळ्यांना वाटून टाकी. साडी मी तिच्या अंगावर कधी पाहिली नाही. त्या दिवसाचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात आई गेली. मी पोचले तेव्हा सिस्टरनं तिला न्हाऊ घालून, मानेपर्यंत वाढलेल्या केसांचा नीट भांग पाडला होता. सगळं उरकल्यावर दोन दिवसांनी आईचं सामान घ्यायला गेले. ती खाटेवरची गादी गुंडाळत होती. तेव्हा मी म्हणाले, त्या दिवसाबद्दल मला माफ करा.

तिनं गादी खाली ठेवली.

"मी तवाच सोडून दिलं ताई. पर आजींच्या मनातून ते गेलं न्हाई. 'माझ्यापायी तुला बोलणी बसली' असं मला म्हणून लई दिवस रडायच्या. त्यांच्यासमोर एकदा बोलायला पायजे होतं तुम्ही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं गादी उचलली आणि उन्हात टाकायला घेऊन गेली. त्या दीड वर्षात मी कितीतरी वेळा त्याच खाटेवर आईजवळ बसले होते, आणि सिस्टर चार हातांच्या अंतरावर काम करत होती.